कागदावर कोणाचं नाव?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या निवासी शिबिरातल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलण्याची धाटणी मुद्दाम तशीच ठेवली आहे.)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परदेशातल्या कस्टमचे नियम व कागदपत्रे’ असा विषय आहे. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी दोघींनी मला विचारलं, "हा विषय आपल्या शिबिरात कशाला? हे तर सीएचं काम." २०१८ सालापर्यंत मीही हेच म्हटलं असतं. एम.एस.डब्ल्यू. करताना मी व्यक्तिकार्य शिकले, समूहकार्य शिकले, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शिकले. इनव्हॉइस कसा लिहायचा, हे मात्र कोणी शिकवलं नाही. ते मला एका हरवलेल्या पार्सलने शिकवलं. म्हणून आधी त्या पार्सलची हकीकत सांगते.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या एका गावात अकरा बायकांचा गट होता. जुन्या लुगड्यांच्या, साड्यांच्या गोधड्या शिवायचा. अमेरिकेतल्या एका मराठी बाईने बावीस गोधड्यांची मागणी केली. एकीला दोन हजार रुपये, म्हणजे एकूण चव्वेचाळीस हजार. एका गोधडीला घरचं सगळं आवरून पंधरा ते वीस दिवस लागतात. प्रत्येकीने दोन शिवल्या. शहरातल्या एका एजंटाकडे मी स्वतः गठ्ठा घेऊन गेले. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे आयात-निर्यात क्रमांक नाही. आपण भेट म्हणून पाठवू. जुने कपडे, किंमत चार डॉलर नग. काही प्रश्न येणार नाही." बावीस गुणिले चार म्हणजे अठ्ठ्याऐंशी डॉलर. अमेरिकेत शंभर डॉलरपर्यंतच्या भेटीवर शुल्क लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी मान डोलावली.

पार्सल अमेरिकेत पोहोचलं आणि तिथून पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. तीन महिने फोन केले. शेवटी भरपाई मिळाली ती कागदावर लिहिलेल्या किमतीची, अठ्ठ्याऐंशी डॉलर. रुपयांत साधारण सहा हजार. अकराजणींत वाटले तेव्हा दोन गोधड्यांमागे एकीच्या हातात साडेपाचशे रुपयेही पडले नाहीत. तक्रार कोण करणार? पाठवणारा म्हणून नाव एजंटाचं. वस्तू म्हणून ‘जुने कपडे’. त्या कागदाप्रमाणे आमचं काही हरवलंच नव्हतं.

गावात बैठक घेऊन मी हे सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. एक मावशी एवढंच म्हणाल्या, "ताई, आमी जुनी कापडं धाडलीच न्हाईत. आमी गोधड्या धाडल्या."

पुढे मला आणखी एक गोष्ट कळली. २०१६ सालापासून अमेरिकेत एका व्यक्तीच्या नावे एका दिवसात येणाऱ्या आठशे डॉलरपर्यंतच्या मालावर शुल्क नव्हतं. आमच्या बावीस गोधड्यांची खरी किंमत त्या वेळच्या दराने साडेसहाशे डॉलरच्या आसपास होती. म्हणजे खरं लिहिलं असतं तरी शुल्क लागलं नसतं. खोटं लिहिण्याची गरज होती ती आमच्याकडे इथला एक दाखला नव्हता म्हणून. तो दाखला काढायला पाचशे रुपये लागतात.

तेव्हापासून मी हे फॉर्म वाचायला लागले. कोणत्याही देशाच्या कस्टमचा फॉर्म घ्या, भाषा वेगळी असेल, रकाने कमी-जास्त असतील; पण प्रश्न चारच असतात. कोण पाठवतंय? काय आहे? किंमत किती? कुठे बनलं? मैत्रिणींनो, हे चार प्रश्न आपल्या चळवळीला नवे नाहीत. बाईच्या कामावर नाव कोणाचं, त्या कामाला म्हणायचं काय, त्याचं मोल किती, हे आपण इतकी वर्षं विचारत आलो. म्हणून हा विषय आपल्या शिबिरात आहे. आता एकेक प्रश्न घेऊ.

कोण पाठवतंय?

विक्रीसाठी माल परदेशी पाठवायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक लागतो. त्याला आयईसी म्हणतात. अर्ज संगणकावरून करता येतो. पॅन, बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा लागतो. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती बरोबर असल्याचं कळवावं लागतं, नाहीतर क्रमांक बंद पडतो. हे लक्षात ठेवण्याचं काम गटात एकीला नेमून द्या.

अडचण कुठे येते? पत्त्याच्या पुराव्याला. घर सासऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर. मग त्यांचं ना-हरकत पत्र आणावं लागतं. एका गावात नवरा म्हणाला, "क्रमांक माझ्याच नावानं काढा की, घरचंच आहे." गटातल्या बायकांनाही ते सोपं वाटलं. पण ज्याच्या नावाचा क्रमांक, त्याच्याच खात्यात परदेशातून पैसे येतात. परदेशातला ग्राहक त्यालाच पुरवठादार मानतो. उद्या बँकेने कर्ज द्यायचं ठरवलं तर हीच उलाढाल बघते. आणि बाई? ती घरात बसून शिवणारी मजूर. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि जमीन बायकोच्या नावे करा म्हणून गावोगाव सांगितलं. त्यामागचं तत्त्व इथेही तेच आहे.

गट मोठा असेल तर उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था करून तिच्या नावाने क्रमांक काढा. लहान असेल तर एकीच्या नावाने काढा, पण नफ्याची वाटणी कशी होणार याचा ठराव लेखी करा, सगळ्यांच्या सह्या घ्या. एका बाईच्या नावावर सगळं गेलं म्हणजे आपोआप न्याय झाला, असं नाही. जीएसटीचं काय करायचं हे मात्र पहिलं पार्सल पाठवण्याआधी हिशेबनिसाला विचारून घ्या.

काय आहे?

जगातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला कस्टमच्या भाषेत एक सांकेतिक आकडा असतो. त्याला एचएस कोड म्हणतात. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने तो बनवला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो लागू झाला. आज दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश तो वापरतात. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. पुढे आपण आठ आकड्यांपर्यंत नेतो, अमेरिका दहापर्यंत. शुल्क किती, बंदी आहे का, तपासणी होणार का, हे सगळं या आकड्यावर ठरतं.

मावशींचं म्हणणं किती बरोबर होतं ते इथे कळतं. ६३०९ म्हणजे वापरलेले कपडे. काही देशांत त्यांच्या आयातीवर बंधनं आहेत. ९४०४.४० म्हणजे रजया, पलंगपोस, गोधड्या. वस्तू तीच, पण एका आकड्यात ती टाकाऊ आहे आणि दुसऱ्या आकड्यात ती कुणीतरी शिवलेली आहे.

वर्णन स्पष्ट लिहा. ‘भेटवस्तू’, ‘कपडे’, ‘सामान’ असे मोघम शब्द युरोपातली यंत्रणा आता मान्य करत नाही. पार्सल निघण्याआधीच माहिती परत येते. ‘हाताने शिवलेली गोधडी, वापरलेल्या सुती साड्यांपासून’ असं लिहा. अमेरिकेत कापडाच्या लेबलवर कोणता धागा किती टक्के हे इंग्रजीत लागतं. जुन्या साड्यांत सुती कोणती, टेरिकॉट कोणती हे नेमकं सांगता येत नाही. अशा मालासाठी धागा अज्ञात आहे असं लिहिण्याची सोय त्यांच्या नियमात आहे. ती वापरा, ‘शंभर टक्के सुती’ असं ठोकून देऊ नका. तिथल्या बऱ्याच राज्यांत गादी-रजईच्या आत भरलेलं साहित्य नवं की वापरलेलं, हेही लेबलवर सांगावं लागतं. जुनं आहे म्हणून लपवायचं कारण नाही. गोधडी जुन्याचीच असते.

खाण्याच्या पदार्थांचं वेगळं. इथे एक मजा सांगते. अमेरिकेत अन्नाचं पार्सल येण्याआधी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. २००२ च्या कायद्याने हे आलं. पण त्यात एक सूट आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी स्वतः केलेला पदार्थ वैयक्तिक भेट म्हणून स्वतः पाठवला, तर ही पूर्वसूचना लागत नाही. म्हणजे आईने लेकीला लाडू पाठवले तर हा कागद नाही. तेच लाडू दहाजणींनी शेडमध्ये विक्रीसाठी वळले, की पूर्वसूचना हवी, शेडची नोंदणी हवी, अमेरिकेत राहणारा एक प्रतिनिधी हवा, आणि सम वर्षात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात नोंदणीचं नूतनीकरण हवं. ते ऐकून एका शिबिरात एक बाई म्हणाली, "म्हंजे फुकट केलं तर कोन इचारत न्हाई, पैसं मागितलं की कागुद मागत्यात." खरं आहे. पण मी त्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघते. कागद मागितला, याचा अर्थ तुम्हाला उत्पादक मानलं. खाणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी तुमच्यावर आली. ती आपण घ्यायला हवी.

दोन गोष्टी लिहून घ्या. त्या प्रशासनाकडे अन्नाच्या शेडची नोंदणी करायला पैसे लागत नाहीत आणि ते कसलंही प्रमाणपत्र देत नाहीत. ‘सर्टिफिकेट काढून देतो, पंधरा हजार द्या’ असं कोणी म्हणालं तर त्या पैशात काय काय येणार ते लेखी मागा. दुसरं, मसाले विक्रीसाठी पाठवायचे तर आपल्याकडच्या मसाला मंडळाची निर्यातदार म्हणून नोंदणी लागते. अन्नसुरक्षेचा परवाना वेगळा.

मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात खाजगी सामानातून किंवा टपालाने नेता येत नाहीत. म्हणजे खव्याचे पेढे आले. ऑस्ट्रेलियात पेंढ्याचं पॅकिंग चालत नाही. लाकडी खोक्यातून माल पाठवायचा तर लाकडावर उष्णता किंवा धुरीची प्रक्रिया केल्याचा शिक्का बहुतेक देशांत लागतो.

आणि खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला अमली पदार्थ म्हणून बंदी आहे. आपल्या अनारशांवर खसखस असते, गोड्या मसाल्यात बऱ्याच घरी असते. आखातात घरकामाला जाणाऱ्या बायकांबरोबर तुमच्यापैकी ज्या काम करतात, त्यांनी हे निघण्याआधी सांगायलाच हवं. घरचा मसाला पिशवीत असतो, विमानतळावर भाषा कळत नाही, पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात असतो. तिथे ‘मला माहीत नव्हतं’ याला किंमत नाही. ‘कोणाचं तरी पार्सल घेऊन जा’ असं सांगितलं तर उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, हेही सांगा. तिच्या सामानात जे सापडेल, ते तिचंच मानलं जातं.

किंमत किती?

एजंटांचा सगळ्यात आवडता सल्ला म्हणजे किंमत कमी लिहा. शुल्क वाचतं, हे त्यांचं म्हणणं. आमच्या गोधड्यांचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. भरपाई लिहिलेल्या किमतीवर मिळते. परदेशातून बँकेत येणारी रक्कम लिहिलेल्या किमतीशी जुळावी लागते. आणि कस्टमने पकडलं तर दंड होतो, माल जप्तही होतो. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार शुल्कासाठी मुख्य आधार धरतात तो खऱ्या व्यवहारात ठरलेल्या किमतीचा. अमेरिका त्यात आंतरराष्ट्रीय वाहतूक धरत नाही; युरोपात त्यांच्या सीमेपर्यंतचा वाहतूक आणि विमा खर्च धरतात. म्हणून बिलावर मालाची किंमत, वाहतूक आणि विमा वेगवेगळे लिहा.

पण त्याआधीचा प्रश्न असा, की खरी किंमत आपल्याला तरी माहीत असते का? गटात किंमत काढायला बसलो की बायका दोऱ्याचे पैसे धरतात, कापडाचे धरतात, रिक्षाचे धरतात. स्वतःचे दिवस धरत नाहीत. "रिकाम्या वेळात तर शिवतो," म्हणतात. आम्ही एकदा वही घालून तास लिहिले. एका गोधडीला नव्वद तासांच्या वर गेले. दोन हजारांतून कापड-दोरा वजा केला आणि तासाला किती पडतात ते फळ्यावर मांडलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनीच किंमत वाढवली. कस्टमच्या रकान्यात खरा आकडा लिहायचा, तर तो आधी आपल्या वहीत यावा लागतो.

बिलावर आणखी एक गोष्ट स्पष्ट हवी. परदेशातलं शुल्क कोण भरणार? पाठवणाऱ्याने सगळं भरून पाठवायचं त्याला व्यापारात डीडीपी म्हणतात. घेणाऱ्याने तिथे भरायचं त्याला डीएपी. हे आधी न ठरवल्यामुळे ग्राहकाने दारात आलेलं पार्सल नाकारल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. परत येण्याचा खर्च मग गटाच्या डोक्यावर.

२०२५ साली हे सगळ्यांनीच अनुभवलं. अमेरिकेने आठशे डॉलरची ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली. शुल्क कसं गोळा करायचं याचा मेळ बसेना, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचं माल-नोंदणीचं काम थांबवलं, महिनाअखेरीला पत्रं आणि भेटवस्तूही थांबल्या. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. फराळाच्या ऑर्डरी घेतलेल्या गटांचं भाजणीचं पीठ घरात पडून राहिलं. भारतीय मालावर तेव्हा पन्नास टक्के शुल्क होतं आणि टपालाने पाठवताना ते इथेच आगाऊ भरायचं होतं. हे दर बदलत राहतात, म्हणून मी आज कोणताही दर सांगत नाही. ऑर्डर घेण्याच्या दिवशी विचारा, आणि पाठवण्याच्या दिवशी पुन्हा विचारा.

कुठे बनलं?

अमेरिकेत आयात वस्तूवर ती कोणत्या देशात बनली हे इंग्रजीत, सहज दिसेल आणि टिकेल असं लिहावं लागतं. तिथला हा नियम १९३० च्या कायद्यातला आहे. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून नवा सुरक्षा नियम लागू झाला. त्याप्रमाणे ग्राहकाला विकायच्या वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो आणि युरोपात राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्थाही लागते. त्याशिवाय ‘मूळ देशाचा दाखला’ नावाचा कागद असतो. ज्या देशाशी आपला करार आहे तिथे या दाखल्यावर शुल्क कमी होतं. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे.

हे लेबल म्हणजे नुसती कटकट समजू नका. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दिसल्या आणि आधी आपला उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं, म्हणून बोलायला आधार तरी होता. त्या चपलांच्या वेण्या घालणाऱ्या बायका मात्र त्या चर्चेत कुठे दिसल्या नाहीत. देशाचं नाव लागलं, जिल्ह्याचं लागलं; बाईचं लागायचं राहिलंच. बनवणाऱ्याच्या नावाचा रकाना जिथे आहे, तिथे गटाचं नाव लिहा.

आता करायचं काय?

इथून गेल्यावर एकदम मोठी निर्यात करा, असं मी सांगणार नाही. एक लहान पार्सल पाठवा, पण सगळे कागद स्वतः भरून. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं २०२२ सालापासून सुरू झाली आहेत. देशात ती हजारावर आहेत. तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मोठ्या टपाल कचेरीत चौकशी करा. टपालाचं निर्यात बिल तिथल्या संगणकावरून भरता येतं. पार्सलवरच्या कस्टम फॉर्मचे नमुने, सीएन २२ आणि सीएन २३, मागून घ्या आणि बैठकीत फळ्यावर काढून भरायचा सराव करा. परदेशातल्या प्रदर्शनात वस्तू नुसत्या दाखवून परत आणायच्या असतील, तर त्यासाठी एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, आपल्याकडे तो फिक्की ही संस्था देते; मग तिथे शुल्क भरावं लागत नाही. विकायच्या वस्तूंना तो चालत नाही.

एजंट नकोच, असंही माझं म्हणणं नाही. मोठ्या मालाला कस्टमचा जाणकार दलाल लागतो. पण तो जे लिहील त्याची प्रत मागा आणि सही करण्याआधी हे चार रकाने वाचा. इंग्रजी येत नसेल तर गटातल्या शाळकरी मुलीला वाचायला बसवा. आमच्याकडे हे काम दहावीतल्या एका मुलीने केलं.

त्या गटाने २०२३ साली पुन्हा गोधड्या पाठवल्या. सहाच. क्रमांक गटातल्या एकीच्या नावाने काढला होता, ठराव लेखी होता, किंमत वहीतल्या तासांवरून काढली होती. टपाल कचेरीत फॉर्म भरताना वर्णनाच्या रकान्यापाशी मी थांबले, तर मावशी शेजारून म्हणाल्या, "गोधडी लिवा. कापडं लिवू नका." मी इंग्रजीत जे लिहायचं ते लिहिलं आणि पुढे इंग्रजी अक्षरांतच ‘गोधडी’ लिहिलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, पाठवणार कोण? गटाच्या अध्यक्षा पुढे झाल्या. त्यांनी सही केली. पार्सल सतरा दिवसांनी पोहोचलं आणि पैसे त्यांच्या खात्यात आले.

सहा गोधड्यांनी कोणाचं दारिद्र्य गेलं नाही, हे मला कळतं. पण त्या कागदाची प्रत गटाच्या कपाटात आहे. त्यावर पाठवणाऱ्या बाईचं नाव आहे, आणि पार्सल हरवलं असतं, तर भांडायला आमच्या हातात कागद होता.

प्रश्न असतील तर विचारा. मला येत नसेल तर आपण मिळून शोधू.